जांभळं बूच

नवले पुलावर गाडी घसरली,
त्याला परवा चार महिने.
टाके विरघळले; हेल्मेटवरून भांडण
अजून ताटावर निघतं.

एरंडवण्यातल्या तळघरात
जांभळ्या बुचाची नळी भरतेय.
डॉक्टर म्हणाले, मार बसलेला मेंदू
रक्तात काहीतरी सोडत राहतो,
त्यावरून फिट येतील का
कळेल. म्हणजे, कळू शकेल.

भिवामामाच्या नाकाशी लोक चप्पल धरायचे.
त्याला आधी कुणी सांगितलं असतं
तर विहिरीवर एकटा
गेला नसता.
किंवा गेलाच असता, हट्टी होता.

निहार कापूस दाबून बसलाय.
"आई, रिपोर्ट येईपर्यंत
टिळक टँकला जाऊ?"

मी कापसाकडे बघते.
ठिपका मुगाएवढा.
"मी काठावर बसेन," म्हणते,
"चालेल?"