एकच

वकील म्हणतात, ‘एकच’ हा शब्द सोडू नको.
एकच ठोसा, साहेब. हातात काही नव्हतं.
पाठ झालंय.

गोळीबार चौक, कॅरम, साठ रुपये.
ईश्वर नंदनवार हसला,
म्हणजे मला तसं वाटलं.
मग नालीकाठचा दगड
आणि नारळ फुटावा तसा
नाही, तसा नाही. फार हळू आवाज.
‘नाटक करून राहिला बे,’ मीच म्हणालो.
कोणीतरी सोंगट्या वेचत होतं.

तिसऱ्या दिवशी, मेयोत.

हेतू होता का? जाणीव होती का?
कायदा दोन्ही वेगळ्या खणांत ठेवतो,
प्रत्येक खणावर वर्षं लिहिलेली.
माझ्याकडे हा हात,
जामिनावर सुटून कळमन्यात पेट्या उचलणारा.
दगडावर ढकलून पाहिलं:
मारलं ते दगडानं.
पण दगड तिथंच होता, कधीचा,
मला माहीत होता.
त्याच्यावरच बसून रोज चहा प्यायचो,
ईश्वरही.

परवा तारखेला बाकावर जागा एकच.
त्याचा भाऊ थोडा सरकला.
बराच वेळ पंख्याकडे बघून त्यानं विचारलं,
साठ रुपये कोणाकडे निघत होते?

मला आठवेना.