उसनं चिलखत

अठ्ठावीस मिलिमीटर.
तळव्यापासून डोळ्यांपर्यंत एक माणूस.
डोक्यापर्यंत का नाही, मी विचारलं.
शिरस्त्राणांचा काय भरवसा, ग्लिन म्हणाला,
कुणाचं उंच, कुणाचं चपटं.
हे खरं, की त्यानं तिथंच जुळवलं, माहीत नाही.

एकतीस वर्षं मी बर्स्लेमच्या कारखान्यात
कपांच्या कडेला गुलाब काढले.
पाकळीला दोन फटकारे, पानाला एक.
युद्धाशी माझा संबंध एवढाच
की ग्लिनची खोली मी झाडत नसे.

मग त्याचा उजवा हात थरथरू लागला.
आधी चमचा, मग किल्ली, मग कुंचला.
एका बरकंदाजाची भुवई गालावर उतरली
तेव्हा त्यानं आइस्क्रीमच्या डब्याला झाकण लावलं
आणि आठवडाभर डब्याकडे पाठ करून बसला.
आत तीनशे बारा जपानी शिपाई,
करडे, बिनडोळ्यांचे.
मी म्हटलं, आण इकडे.

त्याच्याच गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांवर
एकेकाला डिंकानं उभा केला.
अंगणात काळं अस्तर फवारलं, वारा न बघता.
(शेजारच्या पांढऱ्या मांजरीचा एक कान अजून काळा आहे.)
कुंचल्याचं टोक ओठांत धरायची माझी जुनी खोड.
पूर्वी मुकादमीण ओरडायची, आता ग्लिन.
पायांखाली चहाचा चोथा, ओव्हनमध्ये वाळवलेला:
तोच म्हणे डोंगरातला पाचोळा.

संध्याकाळी तो वाचून दाखवतो.
हे साधे लोक, भातखाचरांतले.
चिलखत त्यांचं नव्हतंच.
सरदाराच्या कोठारातून मिळायचं, उसनं,
छातीवर त्याचं चिन्ह.
लढाई संपली की परत करायचं.

माझा हात थांबला.
कारखाना बंद झाला त्या शुक्रवारी
फाटकाशी एक पोरगा यादी घेऊन उभा होता.
आम्ही एप्रन काढले, घड्या घालून दिले.
खिशावर मालकाचं नाव, लाल दोऱ्यात.
माझ्या एप्रनचं खालचं बटण नव्हतं.
त्यानं ते लिहून घेतलं.

तेव्हापासून चिन्ह मी शेवटी काढते.
आधी मान, मनगटं, घोट्यावरचा चिखल.
आणि तीनशे बारांत एकाच्या पाठीवरच्या निशाणावर
वर्तुळाऐवजी गुलाब आहे.
ग्लिनला तो सापडलेला नाही,
किंवा सापडलाय आणि बोलत नाही.

गुरुवारी चर्चमागच्या हॉलमध्ये
समोर ताहिर, बसचा ड्रायव्हर,
आणि त्याचे मुंडन केलेले लढवय्ये भिक्षू.
नवी रंगवलेली पलटण पहिल्याच दिवशी पळते,
हा या खेळातला सर्वांत जुना नियम,
कुठल्याच पुस्तकात नसलेला.
पळाली.
अकरा आठवड्यांचं काम वीस मिनिटांत टेबलाबाहेर.
ताहिरनं एकेकाला उचलून डब्यात ठेवलं,
भाल्याला न धरता, पायाखालच्या चकतीला धरून.
माणूस चांगला आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

मग ग्लिनची पाळी.
फासे त्यानं मुठीत घेतले
आणि हलवायचं काम हातानंच केलं, न सांगता.
सहा. सहा. पाच. सहा.
ताहिर म्हणाला, ही लबाडी आहे हं.
ग्लिन इतका हसला की टेबल हललं,
दोन भिक्षू आडवे झाले,
आणि ते मेलेले धरायचे की नाहीत
यावर आम्ही चहा येईस्तोवर भांडलो.