केरवोखं

पाटी शनिवारी रात्री दाराला येऊन लटकते.
कोण लावून गेलं ते दिसत नाही, दोरी तेवढी हलत असते.
पत्र्याची, तळहाताएवढी,
वर झाडूचं चित्र, खाली शब्द: केरवोखं.
म्हणजे हा आठवडा तुमचा.
जिना, तळघर, कचऱ्याचे डबे,
आणि बर्फ पडला तर सातच्या आत फुटपाथ.
श्टुटगार्टला आले तेव्हा या भाषेतला हा एकच शब्द
न शिकवता कळला. त्यातला केर आधीपासून माझाच होता.

मंगळवारी स्टॅटिक्स. दुसरी खेप.
तिसऱ्यांदा गेला की हा अभ्यासक्रम
या देशात पुन्हा करता येत नाही.
हे घरी सांगितलेलं नाही.
घरी सांगितलंय: थंडी आहे, तांदूळ मिळतो.

रविवारी पहाटे चार ते दहा बेकरीत
ब्रेत्सेलचे वळसे. दुपारी बीमवर बाण.
भार खाली, प्रतिक्रिया वर,
बेरीज शून्य यायला हवी.
माझी येते साडेचार किलोन्यूटन.
कुठले हे साडेचार, देव जाणे.
मशीनमध्ये कालपासून कपडे पडलेत, त्यांचे असतील.

सोमवारी जिना.
तळमजल्याच्या फ्राउ रीक्सिंगर, वय एक्क्याऐंशी,
दार बोटभर उघडून बघत होत्या.
पायरी उतरताना केरसुणीला पाय लागला,
प्लॅस्टिकची, हिरवी, सुपरमार्केटातली,
आणि हात आपला आपण कपाळाशी गेला.
"चक्कर येते का?" दार आता सताड उघडं.
काय सांगणार? की ही लक्ष्मी,
सव्वातीन युरोंची असली तरी?
"हो," म्हटलं, "थोडी."
त्यांनी पेपरमिंटचा चहा दिला, उंबऱ्यातच,
साखर न विचारता दोन चमचे.
कप परत घेताना म्हणाल्या,
"कोपरे राहिलेत."

रात्री बर्फ पडला. पडणारच होता.
साडेपाचला मी खाली, फावडं घेऊन,
दर ढकलीला एक सूत्र पुटपुटत.
समोरच्या फुटपाथवर एक म्हातारा तेच करत होता,
पुटपुटण्याशिवाय.
नऊला हॉलमध्ये. ओळखपत्र टेबलावर, कोट हुकाला,
तळव्यावरचा ताजा फोड बरोबर पेनाखाली.
तिसऱ्या प्रश्नात चिन्ह उलटं पडलं
हे परतताना ट्राममध्ये आठवलं.
किंवा नसेलही पडलं.
निकाल सहा आठवड्यांनी.
कपडे पुन्हा धुवावे लागले, कुबट वास मारत होते.

शनिवारी रात्री पाटी काढली.
पुढचं दार मिलुटिनचं. सर्बियाचा, चाळिशीतला,
हॉस्पिटलात रात्रपाळी करणारा.
आठवडाभर भिंतीपलीकडून शब्द घोकत होता:
सोमवारी त्याची भाषेची परीक्षा,
नापास झाला तर कंत्राट संपतं.
मी त्याच्या दारापुढे उभी,
दोरी बोटाला गुंडाळत, सोडत.
माझ्याच दाराला राहिली अजून एक आठवडा, तर?
पण फ्राउ रीक्सिंगरांकडे वही असते.
पण माझेही शनिवारी पेपर.
पण

दार आतूनच उघडलं. हातात कार्डांची चळत.
"झाडू," तो म्हणाला, "तो की ती की ते?"
"तो," मी म्हटलं. आणि मग, कुणी विचारलं नसताना,
"आमच्याकडे घरातली केरसुणी ती, अंगणातला खराटा तो."
"नवराबायको," तो म्हणाला. "तरी एवढा केर?"
माझ्या हातातली पाटी त्यानेच घेतली,
खिळ्याला अडकवली,
वाकडी वाटली, सरळ केली.

"कोपरे बघ," मी म्हटलं.