मानस : पान सहाशे चार

फेरीबोटीतून उतरलं की डाव्या हाताला शाळा.
चोडणला मी गुरुवारची बाई.
बाकीचे दिवस दुसरी गावं, दुसरी कपाटं.
या कपाटाची किल्ली सुंभाला बांधलेली,
मुठीला गंज, आत एकशे चाळीस पुस्तकं
आणि एक शब्दकोश, ज्यातलं 'ह'नंतरचं सगळं
कसरीने आमच्याआधी वाचून टाकलंय.

चौथीचा वर्ग. अकरा मुलं.
पहिला नियम : पुस्तकात लिहायचं नाही.
दुसरा : बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही.
तिसऱ्यापर्यंत कुणी ऐकत नाही
म्हणून तिसरा मी केलाच नाही.

शब्द शोधायला शिकवते.
वरच्या कोपऱ्यातला शब्द बघा, ती रस्त्यावरची पाटी.
'म' हवाय ना, मग 'भ'पाशी रेंगाळू नका.
पुढे गेलात तर मागे या, त्यात लाज नाही.
शिवप्पा विजापूरचा. घरी कन्नड, अंगणात कोंकणी,
इथे मराठी. तो सगळ्यांआधी पोचतो.
त्याला पत्ते शोधायची सवय आहे.

कृपालीने शब्द निवडला, मानस.
'मानव' आणि 'मानसिक' यांच्या मधे सापडला.
मोठ्याने वाचलं : मन. इच्छा. हेतू.
थांबली. पुन्हा वाचलं, बोट ठेवून.
मग कोश माझ्याकडे सरकवत, हळूच,
जणू त्याला ऐकू जाईल :
'बाई, हें फट मारता.'

मी सत्तरीची, डोंगराकडची.
मला मानस म्हणजे मनच.
मग खरं काय, विचारलं,
तर अकराही जण एकदम सांगू लागले,
हात, पाणी, दार, मासे,
आणि मला काहीच कळलं नाही.
म्हटलं, लिहून आणा.
कुणाला विचारलं, कधी विचारलं, तेही.

पुढच्या गुरुवारी, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर :

मानस. खाजनाच्या बांधातलं दार.
भरती आली की आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं.
म्हणून खारं पाणी शेतात जात नाही.
सांगणार : आजोबा, नवसो चोडणकर, वय माहीत नाही.
बुधवारी, जाळं शिवताना.

'एकट्यालाच विचारलंय,' शिवप्पा म्हणाला.
एकाच्या सांगण्यावर थांबू नये,
हे मीच लिहिलं होतं, मागच्या महिन्यात.
फळ्यावरचं कुणी वाचतं याचाच मला धक्का.
कृपाली रडकुंडीला. आजोबा खोटं बोलतात का?
नाही गं.
पण आणखी कुणालातरी विचार.

तिने आजीला विचारलं.
आजी म्हणाली, आपोआप कसलं मिटतंय!
फळीत ओंडका अडकला की मध्यरात्री कोण उठायचं?
आणि कंदील कोण धरायचं?
कंदिलाचं आजोबा बोलले नव्हते.

पत्रिकेवर जागा उरली नव्हती,
नवरदेवाच्या नावाच्या बाजूने, उभं लिहिलं :
मतभेद आहे.
लिहिताना तिची जीभ बाहेर आलेली.
दोन्ही ठेवू का एकच, तिने विचारलं.
दोन्ही, म्हटलं. कुणी काय सांगितलं ते लिहिलंयस ना,
मग दोन्ही.

या गुरुवारी कपाट लावताना
शब्दकोश आडवा पडलेला, पान सहाशे चार.
मन. इच्छा. हेतू.
आणि खाली समासात, पेन्सिलीने,
कुणीतरी दाबून दाबून :
२. लाकडि दार. कार्ड पाहा.

अक्षर कृपालीचं नव्हतं.
'र'ची ती गोल मान मला माहीत आहे,
कन्नड वळणाची.

पर्समधून खोडरबर काढलं.
बाहेर फेरीचा भोंगा झाला.
'लाकडि'ची वेलांटी तेवढी पुसली,
दुसरी काढली, दीर्घ,
वर थोडी फुंकर मारली
आणि पुढच्या फेरीसाठी धक्क्यावर
अर्धा तास उभी राहिले.