चार तासांची भरती

पहाटेचे चार. मेल्विया दिवा लावते, मी नळी धुतो.
बाहेर कारातास्काचं खाजण काळं, गप्प.
दूध पावडरीचा रिकामा डबा मांडीशी टेकवला
की आमचं काम सुरू.

आधी हे काम नव्हतं.
बत्तीस वर्षं मी विचारलंच नाही
थेंब धरतं कोण आणि सोडतं कोण.
शेवंडांसाठी दिवसाला बारा टाक्या रित्या करायचो,
खालच्या गार पाण्यात लघवी आली की तिथंच सोडायची.
समुद्रात कोण हिशेब ठेवतो?

मिस युलिसानं पावतीच्या पाठीवर चित्र काढलं.
(बोटमालकाची पावती. सदतीस पौंड शेपट्या, पैसे बाकी.)
"हे वर डोकं. हा कानोतला पोरगा समज,
आणि खालची पिशवी म्हणजे तू, पाणबुड्या.
भरत आली की ती वर कळवते.
वरचा म्हणतो, दम धर, चर्चमध्ये आहेस.
मेंदूच्या देठाशी एक जुना पहारेकरी बसलाय.
वरून होकार आला की तो दोन हुकूम सोडतो:
पिशवी, आवळ. दार, उघड.
एकाच वेळी. सगळी मेख त्यात आहे."
मग तिनं मधल्या रेघेवर, छातीच्या पाठीमागं,
पेन्सिलीनं एक बुडबुडा काढला.
मोहरीएवढा.

तो बुडबुडा मला ठाऊक होता.
तेरावी बुडी, घाईनं वर आलो.
दवाखाना म्हणाला, नायट्रोजन.
आई म्हणाली, लिवा मायरिन,
पाण्यातल्या बाईनं आपल्या शेवंडांचं मोल वसूल केलं.
दोघांचंही ऐकून घेतलं.
पाय कुणाच्याच म्हणण्यानं हलले नाहीत.

लोक पायांचंच विचारतात.
पायांचं विचारायला लाज वाटत नाही ना.

कमरेच्या वर, मज्जारज्जूच्या शेपटाशी,
एक चौकी अजून जिवंत आहे.
तिला वरचं काही ऐकू येत नाही.
ती मनाला येईल तसा कारभार करते,
आतून ढकलते आणि दारही दाबून धरते.
कोंडलेलं पाणी मग उलटं चढतं, मूत्रपिंडांकडे.
शेजारचा रेमन्सियो असाच गेला.
पायांनी नाही गेला तो. लघवीनं गेला.

म्हणून हे चार तास.
डोक्याचा होकार आता घड्याळ देतं.

शार्लिन अडीच वर्षांची. परवा रात्री उठून बसली,
"आई, आली," म्हणाली, आणि दारापर्यंत धरून नेली.
गादी कोरडी. मेल्वियानं तिचे मुके घेतले.
मला हेवा वाटला.
पोटच्या लेकीचा, आणि कशाचा, तर ह्याचा.

मग त्या रविवारी पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं.
दंडांवर काटा आला. कपाळावर घाम,
डोक्यात हातोडे.
मी मेल्वियाचं मनगट धरलं: चल, घरी चल.
पिशवी तट्ट फुगली होती.
तिचा निरोप येत होता तर!
हमरस्ता बुजला म्हणून आडवाटेनं,
काट्याकुट्यांतून, केसांच्या मुळांशी.
मिस युलिसा ओरडली, हा खेळ नाही,
रक्तदाबानं मेंदूतली शीर फुटते.
मी मान हलवली. मनात मात्र म्हटलं,
माझं कुणीतरी अजून मला हाक मारतंय.

काल ऑर्लिन आला. माझा कानोतला पोरगा.
आता तोच बुडतो, माझ्याच जुन्या टाकीनं.
मेल्विया बाजारात होती, वेळ झाली होती.
त्याला म्हटलं, डबा धर.
त्यानं तोंड फिरवलं, मग पुन्हा वळवलं.
"दुखतं?"
"नाही. दुखलं असतं तर बरं."

धार डब्यात वाजली.
सवयच ती, तो वाकून बघत राहिला,
ओठांतल्या ओठांत मोजत,
जसा वरून माझा श्वास मोजायचा.
"बुडबुडे येताहेत," म्हणाला.
"म्हणजे खाली कुणीतरी आहे."