बंदांची दुसरी ओळ

शिडाला बंद लाव, कायतान म्हणाला होता,
आडव्या दोन ओळी, वीतभर लांबीचे, दुहेरी शिलाईचे.
मी असोळण्याचा शिंपी. झबल्यांना बंद लावतो,
उशांच्या अभ्र्यांना लावतो.
शिडाला कशाला, विचारलं नाही.
असेल दर्यावरच्या माणसांची काही हौस.

शीड कसं बसलंय बघायला चल, म्हणाला.
तासाभराचं काम, चारला परत.
रेडिओ दोन दिवस सांगत होता,
बाहेर खोल पाण्यात काहीतरी गोल फिरतंय.
आम्ही दोघांनी ऐकलं होतं.
हेही लिहून ठेवतो: दोघांनी ऐकलं होतं.

साळ नदीच्या तोंडाबाहेर पाणी
इस्त्री केल्यासारखं.
मग काब द रामाच्या टोकाचा आधी रंग गेला,
मागाहून टोक गेलं.
कायतानने जाकिटांच्या नाड्या ओढून बघितल्या,
आधी माझ्या, मग स्वतःच्या.
शीड उणें कर, म्हणाला.

आत्ता? वारा कुठाय?

"वारें आयल्यार हात पावचे नात."

तेव्हा कळलं बंद कशासाठी.
खालचं कापड दुमडून काठीशी बांधायचं,
पहिली ओळ, मग दुसरी.
मी मापाने बेतलेलं ते एवढं शीड
पोराच्या सदऱ्याइतकं उरलं
आणि मला त्याची लाज वाटली.

लाज वाटून होईतो वारा आला.

पुरतं उघडलेलं असतं तर
आम्ही पाण्यात आणि ते आमच्यावर.
खाली बस, कायतान ओरडत होता,
एक हात होडीचा, एक तुझा, उभा राहू नको.
उलटलोच तर होडीला चिकटून राहा,
किनारा जवळ दिसतो. दिसतो, एवढंच.
मी रंगाच्या डब्याने पाणी उपसत राहिलो.
डबा दोरीने बांधलेला होता, मी नव्हतो;
हे त्याला दिसलं, तेव्हा मलाही बांधलं.

नदीचं तोंड आलं. ओहोटी लागलेली,
आतून नदी ढकलते, बाहेरून समुद्र,
मधल्या वाळूवर पांढरं फुटत होतं.
पलीकडे बेतुलच्या धक्क्यावर एक बॅटरी
वर खाली, वर खाली.
शेवंती. ये म्हणत होती.
सतरा वर्षांत तिने इतक्या वेळा
ये म्हटलं नसेल.

"उजवाड पळोवं नाका. उदक पळय."

आणि कायतानने सुकाणू वळवलं.
घराकडे पाठ करून आम्ही
डोंगराच्या नाकाआड गेलो, शीड उतरवलं,
नांगर टाकला: पाच वाव पाणी, तीस वाव दोर.
इतका कशाला, हे मात्र विचारावं लागलं नाही.
आखूड धाग्याचा टाका उसवतोच.

मग नुसतं बसायचं.
पिशवीतली पोयी भिजून लगदा झाली, ती खाल्ली.
कायतान त्याच्या डुकरीच्या आजारपणाबद्दल
इतकं सविस्तर बोलला
की मला भीती वाटायची राहून गेली,
मधूनमधून आठवायची, तेवढीच.

धक्क्यावरची बॅटरी मंद होत गेली. मग विझली.
नऊच्या सुमाराला वीज लखलखली, तेव्हा दिसलं,
मघाशी आमच्या बाजूने समुद्राकडे गेलेली झावळी
परत येत होती.
तिच्याकडे बघून कायतान म्हणाला, चल.
भरतीने आम्हाला आत घेतलं,
तिच्या मागोमाग.

बंदांच्या गाठी भिजून दगड झालेल्या.
सकाळी दाताने सोडवल्या, तोंड खारट झालं.
शेवंती बोलत नाही अजून.
बॅटरीतले सेल काढून तिने
खिडकीत उन्हाला ठेवलेत, रिळांच्या शेजारी.
मी मशीनवर बसलोय. शीड मांडीवर आहे.
दुसऱ्या ओळीच्या वर, वीतभर जागा सोडून,
खडूने रेघ मारली आहे.