उघडल्याशिवाय

हॅन्कॉकचा पूल वर गेला होता.
खालून एक शिडाची बोट चालली होती,
जणू तिला कुठेच पोचायचं नाही,
आणि आम्ही दोघी बारा गाड्यांच्या मागे
भर ऑगस्टात हीटर लावून बसलो होतो.
काटा लाल रेघेकडे सरकला की असंच करायचं,
इंजिनाचा ताप आपल्या अंगावर घ्यायचा,
हे सायमाला कुणी शिकवलं कोण जाणे.
हनुवटीवरून घाम टपकतोय आणि ती म्हणतेय,
"बघ, उतरला. केसभर उतरला ना?"

पाणी रोज कमी व्हायचं, गाडीखाली थेंब नाही.
हेच तर, वेन कांगस म्हणाला,
गळतंय, पण आतल्या आत.
रेडिएटरच्या तोंडावर त्यानं काचेची नळी धरली,
नळीत निळं औषध, वर रबरी फुगा.
दाबत राहिला.
निळं हिरवट झालं, मग पिवळं.
मला शाळेतली लिटमसची पट्टी आठवली.
सायमाला काही आठवलं नाही, तिनं किंमत विचारली.

हेड गॅस्केट दिसतं कसं, तेही त्यानं दाखवलं,
भिंतीवर खिळ्याला टांगलेलं, कुणाचं तरी जुनं:
पत्र्याची पातळ चकती म्हणा, भोकंच भोकं.
इथून जाळ, इथून पाणी, इथून तेल,
तिघांनी एकमेकांचं तोंड पाहू नये
एवढंच त्याचं काम.
आमच्यानं एकोणीस वर्षं केलं.
(आमच्या जोडघरांमधली भिंतही अशीच.
तिकडे सायमा शिंकली की इकडे मी "जपून" म्हणते.)

दोन हजार दोनशे डॉलर.
गाडी विकली तर बाराशे, तेही कुणी हौशी भेटला तर.
"चार आण्याची कोंबडी," सायमा म्हणाली,
आणि मसाल्यापर्यंत गेलीच नाही.
मागच्या चाकावरचा पत्रा रस्त्यावरच्या मिठानं खाल्लेला,
बोट आरपार जातं.
"हेड वाकलं असेल तर घासून आणावं लागेल," वेन म्हणाला,
"चीर असेल तर मग बोलूच नका.
उघडल्याशिवाय नाही कळायचं."
"आणि उघडल्यावर?"
"उघडल्यावर उघडलेली असेल."

तीन आठवडे तळ्यात-मळ्यात.
दुखणं अंगावर काढलं.
वीस मैल झाले की थांबायचं, इंजिन निवू द्यायचं,
फडक्यानं झाकण फिरवायचं, पाणी ओतायचं.
धुराड्यातून पांढरा धूर, त्याला गोडसर वास,
पाक जरा जास्त आटल्यासारखा.
विजेच्या बिलामागे मी नव्या गाडीचा हिशेब मांडला:
बहात्तर हप्ते.
मी एकाहत्तरची.
कागद उलटा करून ठेवला.

खरं सांगायचं तर प्रश्न गाडीचा नव्हता, डोळ्यांचा होता.
महिन्यातून एकदा मार्केट गावी जावं लागतं,
शंभर मैल, सायमाच्या डोळ्यात सुई घ्यायला.
गाडी आम्हा दोघींची, निम्मी-निम्मी,
पण दोन हिवाळे झाले, तिनं चाक हाती धरलेलं नाही.
तिची किल्ली मात्र अजून तिच्याच जुडग्यात.
"भंगारात दे," ती म्हणायची,
आणि मला कळायचं नाही
हे ती पैशासाठी म्हणते,
की माझ्यावर भार नको म्हणून,
की नुसता रागच आहे तो.
विचारलं नाही. शिंकेला "जपून" म्हणणं वेगळं.

गुरुवारी वेनचा फोन आला.
गाडी त्याच्याच अंगणात होती, मागच्या मागे बर्फाचे नांगर,
लवकरच त्यांना पुढची जागा लागणार होती.
रिसीव्हर सायमाच्या हाताशी होता.
बराच वेळ ऐकत राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही,
म्हणजे पाहिलं असेलही,
आता तिचं पाहणं ओळखू येत नाही.
"उघड," ती म्हणाली.
मग आवाज खाली घेऊन,
"आणि वेन, आत जे दिसेल ते आधी मला सांग. हिला नको."

दाराशी पाण्याचे चार कॅन भरून ठेवलेले होते.
एक मी टोमॅटोंना घातला.
तीन राहू दिले.